पोटाला हात लावायच्या आधी

या महिन्याच्या टपालात गिटारीची पत्रं जास्त आली, आणि त्यातली बरीचशी आर्चटॉपची. आपल्या कोल्हापूर-सांगलीच्या टापूत एवढ्या आर्चटॉप आहेत हे मलाही नव्यानंच कळलं, म्हणून हा अंक त्यांनाच दिला. ज्यांनी हे वाद्य पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. साध्या गिटारीचं पोट सपाट असतं आणि मधे गोल भोक असतं. आर्चटॉपचं पोट व्हायोलिनसारखं फुगीर असतं, दोन्ही बाजूंना इंग्रजी एफच्या आकाराच्या खाचा असतात, आणि तारा ब्रिजवरून पुढे जाऊन टेलपीसला अडकवलेल्या असतात. ब्रिज म्हणजे आपल्या सतारीची घोडी. इथे ती चिकटवलेली नसते, नुसत्या तारांच्या दाबानं बसलेली असते. गिब्सन कंपनीनं 1922 साली एल-5 ही गिटार काढली, तेव्हापासून एफ-खाचांचा हा घाट रूढ झाला आणि जॅझवाल्यांनी तो उचलला. न्यूयॉर्कच्या जॉन डी'अँजेलिको यांनी 1932 पासून 1964 मध्ये जाईपर्यंत आपल्या छोट्या दुकानात अशा अकराशेच्या वर गिटारी हातानं घडवल्या. आजही आर्चटॉप घडवणारे त्यांचंच काम समोर ठेवून बसतात.

प्रश्न : ताई, माझ्या मामांनी अमेरिकेहून परत येताना एका कारागिराकडून हातानं घडवलेली आर्चटॉप आणली आणि ती मला दिली. आवाज गोड आहे, पण तिला पिकअप, म्हणजे तारांचा सूर ॲम्प्लिफायरपर्यंत पोचवणारं चुंबकी उपकरण, नाही. कार्यक्रमात तबला आणि कीबोर्ड सुरू झाला की मी काय वाजवतो ते मलाच ऐकू येत नाही. एका दुकानात म्हणाले, पोटाला भोकं पाडून दोन हमबकर पिकअप बसवू, दोन तासांचं काम आहे. बसवून घेऊ का?
— एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : नका बसवू. पत्र वाचल्या वाचल्या फोन करावासा वाटला, पण तुम्ही नंबर दिलेला नाही. तोवर कुणाला गिटार नेऊन दिली नसेल अशी आशा करते.

तुमच्या मामांनी पैसे कशाचे मोजले ते आधी सांगते. आर्चटॉपचं पोट स्प्रूसच्या इंचभर जाडीच्या दोन फळ्या जोडून, त्या कोरून काढतात. मधे जाडी सहा-सात मिलिमीटर उरते, कडेला तीन-चार. हा उतार यंत्रावर बेतता येतो, पण हातानं घडवणारा माणूस शेवटचा मिलिमीटर अंगठ्याएवढ्या रंध्यानं काढतो आणि दर चार हातांनंतर फळी बोटांत लोंबकळत धरून टकटक करून ऐकतो. प्रत्येक झाड वेगळं, म्हणून प्रत्येक पोटाची जाडी वेगळी. आतून दोन लांब पट्ट्या चिकटवलेल्या असतात, त्याही ऐकत ऐकतच तासलेल्या. या कामाला आठवडे लागतात. त्या पोटात दोन तासांत करवत घालायची?

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. माझी गिटार माझ्या सरांची. सर मूळचे गोव्याचे. मुंबईत हॉटेलांच्या बँडमध्ये आणि सिनेमाच्या रेकॉर्डिंगला वाजवायचे. उतारवयात लेकीकडे कोल्हापुरात राहायला आले, तेव्हा मी त्यांच्याकडे आठ वर्षं शिकले. त्यांची आर्चटॉप जर्मनीतल्या बुबेनरॉइटची. दुसऱ्या महायुद्धानंतर बोहेमियातल्या शोनबाखमधून हुसकावलेले वाद्यकारागीर बव्हेरियातल्या या खेड्यात येऊन वसले आणि तिथे घराघरात व्हायोलिनं आणि गिटारी घडू लागल्या. तिच्या आत नावाची चिठ्ठी नाही. पण दातांच्या डॉक्टरांकडचा छोटा आरसा आणि बारीक बॅटरी एफ-खाचेतून आत घातली की पाठीच्या आतल्या अंगाला पेन्सिलीनं लिहिलेला 1957 हा आकडा दिसतो, आणि त्याच्या भोवतीनं गोल पटाशीचे माशाच्या खवल्यांसारखे ठसे. बाहेरून आरशासारखी गुळगुळीत केलेली पाठ, पण आतून त्या माणसानं हत्याराच्या खुणा तशाच ठेवल्यात. एक खवला इतरांपेक्षा खोल गेलाय. तिथे बहुधा लाकडाची रेघ उलटी फिरलेली असावी. ज्याचं नावही मला माहीत नाही, त्याचा हात मी रोज बघते.

1972 च्या सुमारास विजेच्या गिटारीची हवा होती. सरांनी मुंबईतल्या एका कारखान्यात तिच्या पोटाला भोक पाडून घेतलं, आगपेटीपेक्षा थोडं मोठं. आतली एक पट्टी आडवी आली म्हणून कारागिरानं तीही छाटली. दहा वर्षं काही जाणवलं नाही. मग घोडीच्या त्या अंगाला पोट बसत गेलं. माझ्याकडे आली तेव्हा ते दोन मिलिमीटर दबलेलं होतं, आणि खर्जाच्या तारा उशी ठेवल्यासारख्या वाजत होत्या. सर म्हणायचे, तेवढी एक गोष्ट मला परत करायला मिळाली तर मी ती करणार नाही.

भोक बुजवायला मी मिरजेला सतारमेकर गल्लीतल्या एका बुजुर्ग कारागिरांकडे गेले. भर जुलै होता. त्यांनी गिटार हातातही घेतली नाही, म्हणाले, "दिवाळीनंतर आणा, आत्ता लाकडात पाणी आहे." दिवाळीनंतर गेले. मोडीत निघालेल्या एका पियानोच्या आतली स्प्रूसची फळी मी मिळवली होती. त्यांनी भिंग लावून दोन्हीकडच्या रेघा मोजल्या आणि इंचाला अठरा रेघा जिथे जुळल्या तिथलाच तुकडा कापला. तीन दिवस नुसतं कडा तासून बसवणं चाललं होतं. तुटलेली पट्टी एफ-खाचेतून हात घालून नव्यानं जोडली. आवाज परत आला. पण सगळा नाही आला. पाचव्या तारेवरचा सी अजूनही इतर सुरांच्या आधी विझतो, आणि मला तो दर वेळी ऐकू येतो.

आता तुमच्या अडचणीवर येते, कारण ऐकू न येणं ही खरीच अडचण आहे. तुम्हाला फ्लोटिंग पिकअप हवा. पोटाला न टेकता, मानेच्या टोकाला किंवा पिकगार्डला (नखीचे ओरखडे अडवणाऱ्या पट्टीला) धरून तो तारांखाली तरंगत राहतो. डीआर्मंड या नावाचे असे पिकअप 1930 च्या दशकापासून आहेत, म्हणजे हा उपाय जवळजवळ आर्चटॉपइतकाच मुरलेला आहे. पिकअप मागवायच्या आधी मानेचं टोक संपतं तिथे तारेपासून पोटापर्यंतची जागा मोजा. पुठ्ठ्याचे तुकडे एकावर एक ठेवत गेलात तरी चालेल. पिकअपच्या जाडीपेक्षा वर-खाली दोन-दोन मिलिमीटर मोकळे उरले पाहिजेत. धरायला लागणारी एल आकाराची पितळी पट्टी उद्यमनगरात कुठल्याही छोट्या वर्कशॉपमध्ये करून मिळते. मी पुठ्ठ्याचा नमुना कापून नेते, तोंडी मापं सांगत नाही. आवाजाचं चाक पिकगार्डच्या कडेखाली बसवायचं. ॲम्प्लिफायरची वायर खुपसायच्या जॅकसाठी खालच्या खुंटीचं भोक मोठं करायला सांगतील, तेही टाळा. व्हायोलिनच्या हनुवटीपट्टीसारखा क्लॅम्प असलेला जॅक मिळतो, तो काठाला लावायचा आणि घरी आल्यावर काढून ठेवायचा.

एक वायर मात्र विसरू नका. पिकअपचं अर्थिंग टेलपीसला जोडलेलं असतं आणि धातूच्या टेलपीसमधून तारांना मिळतं. पुढे कधी हौसेनं आबनुसाचा टेलपीस लावलात तर हा रस्ता तुटतो आणि ॲम्प्लिफायर घूं घूं करायला लागतो. मग लोक पिकअपला दोष देतात. लाकडी टेलपीसमध्ये तारांच्या गुंड्या जिथे अडकतात तिथे पातळ तांब्याची पट्टी घालून वायर खालपर्यंत आणली की घुमणं थांबतं.

शिवाय पोकळ पोटाची गिटार मोठ्या आवाजात स्वतःचाच आवाज खाऊन शिट्टी मारते. ॲम्प्लिफायर मागे ठेवू नका, बाजूला ठेवा, आणि कार्यक्रमापुरत्या एफ-खाचा मऊ सुती कापडानं अर्ध्या बुजवा. मी आईच्या जुन्या साडीचे दोन तुकडे केसमध्येच ठेवलेत.

प्रश्न : तारा बदलताना सहाच्या सहा एकदम काढल्या. घोडी हातात आली. पुसून परत ठेवली, पण आता वरच्या पडद्यांवर सगळं बेसूर लागतं. गिटार बिघडली का?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : गिटारीला काही झालेलं नाही, घोडी जागेवरून हललीय. शून्य पडद्यापासून बाराव्या पडद्यापर्यंत जेवढं अंतर, तेवढंच बाराव्यापासून घोडीपर्यंत घ्या. ही झाली ढोबळ जागा. मग पहिल्या तारेवर बाराव्या पडद्यावर बोट दाबून वाजवा आणि लगेच तिथेच बोट नुसतं टेकवून हार्मोनिक काढा. दाबलेला सूर चढा असेल तर घोडी टेलपीसकडे सरकवा, उतरलेला असेल तर मानेकडे. तेच सहाव्या तारेवर करा. खर्जाचं टोक टेलपीसकडे किंचित तिरकं जाईल, ते बरोबर आहे. सरकवताना तारा थोड्या सैल करा, नाहीतर पॉलिशवर ओरखडा उठतो. पुढच्या वेळी एक-एक तार बदला.

पण तुमच्या पत्रात एक ओळ आहे, 'पूर्वीपेक्षा आवाज पातळ वाटतो'. ती मला जास्त महत्त्वाची वाटली. घोडी उलटी ठेवली गेली असेल हे आधी तपासा. तसं नसेल तर तिचे पाय पोटाला पूर्ण टेकत नसतील. सतारीत जवारी लावतात, म्हणजे सूर खुलावा म्हणून घोडी घासतात, ती वरच्या अंगाला, आर्चटॉपची जवारी खालच्या अंगाला असते असं समजा. पाय आणि पोट यांच्यात केसाएवढी फट राहिली तरी तिथून सूर गळतो. पायांखाली कार्बन पेपर ठेवून घोडी हलकेच दाबा आणि उचलून बघा. शाई फक्त टोकांना लागली तर मधला भाग अधांतरी आहे. मग काचपेपर खडबडीत बाजू वर करून पोटावर नेमक्या घोडीच्या जागी धरायचा आणि घोडी त्यावर तारांच्या दिशेनं आखूड आखूड घासायची. आधी 120 नंबर, मग 220, शेवटी 320. दर वीस हातांनंतर परत कार्बन. माझ्या घोडीला दोन संध्याकाळी लागल्या. दुसऱ्या दिवशी शाई पायभर उमटली, तारा चढवल्या, आणि शेजारच्या खोलीतून माझ्या मुलानं विचारलं, आई, दुसरी गिटार आणलीस का?

पावसाळ्याचंही लक्षात ठेवा. आपल्याकडे जुलैत लाकूड पाणी पितं, पोट फुगतं आणि घोडी त्याच्याबरोबर वर जाते. मी दर महिन्याच्या एक तारखेला बाराव्या पडद्यावर सहाव्या तारेची उंची मोजून वहीत लिहिते. एप्रिलमध्ये 2.2 मिलिमीटर असते, जुलैअखेर 2.7. घोडीची दोन चाकं फिरवून ती उतरवायची, दिवाळीत परत चढवायची. यासाठी मानेतल्या सळईला कुणी पाना लावायला निघालं तर थांबवा.

प्रश्न : काकू, मी एकोणीस वर्षांचा आहे, सतार शिकतो. आजोबांच्या मित्रानं मला त्यांची हातानं घडवलेली आर्चटॉप दिली आहे. तिला तरफा (मुख्य तारांबरोबर आपोआप झणकारणाऱ्या तारा) बसवून मोहनवीणेसारखी करावी असं मनात आहे. मानेला खुंट्यांची भोकं पाडावी लागतील. करू का?
— एक विद्यार्थी, मिरज

उत्तर : तुझा विचार वेडा नाही. आधी ब्रिजभूषण काब्रा यांनी गिटार मांडीवर आडवी घेऊन राग वाजवले. पंडित विश्वमोहन भट्ट यांची मोहनवीणा आर्चटॉपच्याच अंगावर उभी राहिली, बारा तरफा धरून तारा वीसच्या आसपास, आणि 1994 मध्ये अमेरिकन गिटारवादक राय कूडर यांच्यासोबतच्या ध्वनिमुद्रणाला ग्रॅमी मिळालं. म्हणजे आर्चटॉपचं आणि आपल्या रागाचं जमतं, हे सिद्ध झालेलं आहे.

तरी तुझ्या हातातल्या गिटारीवर हे करू नकोस. सहा तारांची मिळून ओढ साधारण सत्तर-पंचाहत्तर किलो असते, आणि घडवणाऱ्यानं मान, पोट, आतल्या पट्ट्या तेवढ्याच ओझ्यासाठी बारीक केल्या आहेत. वीस तारांचं ओझं घ्यायला अंग वेगळं बांधावं लागतं. मोहनवीणा त्या ओझ्यासाठीच मजबूत केलेली असते. मानेला डझनभर भोकं पाडलीस की पुढे ती गिटारही राहणार नाही आणि वीणाही होणार नाही.

आधी एवढंच कर. नटवर, म्हणजे मानेच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीवर, बसणारी लोखंडी उंचावणी मिळते. ती नुसती वरून ठेवायची, की तारा पडद्यांपासून वर उचलल्या जातात आणि त्यांच्यावरून सरकवायची सळई फिरवता येते. काढली की गिटार पुन्हा होती तशी. घोडी मात्र वर चढवू नकोस. घोडी उंच झाली की तारांचा कोन वाढतो आणि पोटावरचा दाबही. सहा महिने मींड घोटून बघ. तेव्हाही तरफा हव्याशा वाटल्या तर तुझ्याच गावात जा, सतार आणि तंबोऱ्यासाठी 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळवलेलं गाव आहे ते. तिथल्या कारागिराला सांगून तरफांचं ओझं धरून पहिल्यापासून नवं वाद्य बांधून घे. ते वाजवायला लागलास की मला कळव, मी एस.टी.नं येईन.

प्रश्न : आमच्या शाहूपुरीतल्या घरात 2021 च्या पुराचं पाणी शिरलं तेव्हा वडिलांची आर्चटॉप भिजली. वाळवून ठेवली, पण पाठ अर्ध्या घेरात बरगड्यांपासून सुटली आहे. सुतार म्हणतो पांढरा गोंद भरून बारीक खिळे मारतो, कायमची बसेल.
— एक वाचिका, कोल्हापूर

उत्तर : 'कायमची बसेल' याचीच मला काळजी वाटते. जुन्या हातघडणीच्या गिटारी सरसानं, म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांच्या गोंदानं, जोडलेल्या असतात. पाणी आणि उष्णता मिळाली की सरस सोडतो, आणि तो सोडतो म्हणूनच लाकूड फाटत नाही. तुमची गिटार मोडलेली नाही, उघडलेली आहे. 2019 च्या पुरानंतर माझ्या माडीवर भिजलेली वाद्यं रांगेनं सावलीत उभी होती. त्यातली सरसाची सगळी पुन्हा जुळली. ज्यांना आधी कुणीतरी पांढरा गोंद लावला होता ती जुळली नाहीत, कारण त्या गोंदावर दुसरं काही धरत नाही आणि तो खरवडताना लाकूड निघून येतं.

सुटलेल्या कडा कोमट पाण्याच्या ओल्या फडक्यानं पुसून जुना सरस आणि पुराचा गाळ काढा. गाळ चहाच्या चोथ्यासारखा बारीक फटीत बसलेला असतो, त्याला जुना टूथब्रश चालतो. आठ दिवस सुकू द्या. सरसाचे दाणे रात्रभर गार पाण्यात भिजवून, सकाळी पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून तापवायचे, साठ अंशांच्या आसपास. उकळला तर त्याची ताकद जाते. तो ब्रशवरून मधासारखा ओघळला पाहिजे. दाबून धरायला महागडी हत्यारं नकोत. शिंप्याकडून दोऱ्याची लाकडी रिळं आणा, दोन-दोन रिळांमधून लांब बोल्ट आणि नट घाला, फेल्टचे तुकडे चिकटवा. अशा बावीस जोड्या मी केल्यात. खोली उबदार ठेवा आणि हात चटचट चालवा, कारण सरस मिनिटभरात आटायला लागतो. एकट्यानं होत नाही, दोघी लागतात. गिटार घेऊन आलात तर दुसरी मी होईन. वडिलांच्या गिटारीला खिळा मात्र लागू देऊ नका.

प्रश्न : फ्लोटिंग पिकअप आहे. ब्राँझच्या तारा लावल्या तर ॲम्प्लिफायरमधून काही तारा दबक्या येतात. का?
— एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : चुंबकी पिकअपला पोलाद आणि निकेल कळतं, ब्राँझ कळत नाही. ब्राँझच्या गुंडाळीच्या तारेत फक्त आतला पोलादी गाभा त्याला दिसतो, म्हणून गुंडाळीच्या तारा दबतात आणि साध्या तारा पुढे येतात. निकेलच्या चपट्या गुंडाळीच्या तारा लावा, 12 चा संच, म्हणजे पहिली तार 0.012 इंच जाडीची. बोटं घासल्याचा आवाजही जातो. केवळ ॲकॉस्टिक वाजवणार असाल तर ब्राँझ उत्तम. जॅझ गिटारवादक फ्रेडी ग्रीन 1937 पासून 1987 पर्यंत काउंट बेसींच्या अमेरिकन वाद्यवृंदात होते आणि त्यांनी जवळजवळ सगळा काळ ॲम्प्लिफायरशिवाय वाजवलं. जाड तारा, उंच घोडी आणि चारही मात्रांवर आघात. पितळी वाद्यांच्या त्या ताफ्यात गिटार कानाला कळण्यापेक्षा पायाला जास्त कळते. सर मला त्यांचं वाजवणं ऐकवायचे आणि म्हणायचे, डावा हात सैल सोड, सूर आखूड ठेव.

प्रश्न : गिटारीचा रंग कोपराच्या जागी उडाला आहे. नव्यानं पॉलिश करून घ्यावं का?
— एक वाचक, कागल

उत्तर : नाही. जुनं पॉलिश काढायचं म्हणजे काचपेपर मारायचा, आणि काचपेपर म्हणजे पोटाची जाडी कमी करणं, जी कुणीतरी ऐकून ठरवलेली आहे. वर नवा जाड थर दिला की पोट आणखी गुदमरतं. उघडं लाकूड घामानं काळं पडत असेल तर तेवढ्याच जागी चपडा लाखेचे दोन-तीन पातळ हात फडक्यानं द्या, ते स्पिरिटनं कधीही काढता येतात. वाजवून झाल्यावर तारा आणि पोट कोरड्या सुती फडक्यानं पुसा. आणि मे महिन्यात गिटार गाडीत ठेवून जेवायला जाऊ नका. बंद गाडी उन्हात साठ अंशांच्या वर तापते, आणि तेवढ्यात सरस सुटतो.

पुढच्या अंकात हार्मोनियमच्या भात्यांची पत्रं घेते, ती बरेच दिवस थांबली आहेत.